पसंतीक्रम मतदान पद्धती

मतदाराने एकाच नावापुढे खूण न करता उमेदवारांना १, २, ३ असा क्रम द्यावा आणि मोजणीत गरज पडेल तेव्हा त्याचे मत पुढील पसंतीकडे वळवावे, या तत्त्वावरील पद्धतींचे हे समूहनाम आहे. एका जागेसाठी वापरल्यास तिला पर्यायी मत आणि अनेक जागांसाठी वापरल्यास एकल संक्रमणीय मत म्हणतात. मतपत्रिका सारखीच असली तरी मोजणीच्या नियमांनुसार निकाल बदलू शकतो. त्यामुळे या पद्धतींची तुलना मुख्यतः त्या नियमांवरूनच करावी लागते.

संक्रमणीय मत पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. इंग्लंडमध्ये टॉमस राइट हिल यांनी १८२१ च्या सुमारास बर्मिंगहॅममधील एका संस्थेच्या समितीसाठी तिचे प्राथमिक रूप सुचविले होते. डेन्मार्कचे गणितज्ञ व मुत्सद्दी कार्ल आंद्रे यांनी १८५५ मध्ये ती कायद्यात आणली, तर इंग्रज विधिज्ञ टॉमस हेअर यांनी १८५७ पासून तिचा पुरस्कार केला. हेअर यांना डेन्मार्कमधील प्रयोगाची आधी माहिती असल्याचा निर्णायक पुरावा दिसत नसल्याने दोघांनी ती स्वतंत्रपणे शोधली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिचा प्रसार मात्र प्रामुख्याने हेअर आणि त्यांचे समर्थक जॉन स्ट्युअर्ट मिल यांच्यामुळे झाला.

विजयासाठी लागणाऱ्या मतांचा कोटा हेअर यांनी एकूण मतांना जागांच्या संख्येने भागून काढला. हेन्री ड्रूप यांनी १८६८ च्या सुमारास भाजक एकाने वाढवून येणाऱ्या भागाकारात एक मिळविण्याचे सुचविले. आज बहुधा हाच कोटा वापरतात. कोट्यावरील शिल्लक मते कशी वळवावीत, हा प्रश्न अधिक बिकट आहे. आयर्लंडच्या डॉल या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत शिल्लकीइतक्या प्रत्यक्ष मतपत्रिका पुढे जातात. त्यामुळे कोणत्या पत्रिका उचलल्या जातात यावर पुढच्या फेऱ्यांत थोडा यदृच्छेचा प्रभाव राहतो. मेलबर्नचे जे. बी. ग्रेगरी यांनी १८८० मध्ये मांडलेल्या अपूर्णांकी पद्धतीत पत्रिका कमी केलेल्या मूल्याने पुढे जातात. हीच पद्धत न्याय्य म्हटली पाहिजे.

भारतात राज्यसभेच्या मोजणीत प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सहा जागांसाठी २८४ मते वैध ठरली. २८,४०० ला ७ ने भागून, अपूर्णांक सोडून आणि एक मिळवून कोटा ४,०५८ आला. पहिल्या पसंतीची ४८ मते मिळालेल्या उमेदवाराची शिल्लक ७४२ होते आणि सर्व ४८ पत्रिकांवर दुसरी पसंती असल्यास प्रत्येक पत्रिका १५ मूल्याने पुढे जाते, अपूर्णांक सोडून देतात. पहिल्या पसंतीची ३३ मते मिळालेले संजय पवार पराभूत झाले आणि २७ मते मिळालेले धनंजय महाडिक निवडून आले, ते दोन सहकाऱ्यांच्या प्रत्येकी ४८ मतांतील अशा शिल्लकीच्या बळावर.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी संविधानाच्या अनुच्छेद ५५ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा उल्लेख आहे. परंतु जागा एकच असल्याने प्रत्यक्षात ते पर्यायी मतच ठरते. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ मते मिळाली, कोटा ४,१८,१६९ होता. चिंतामणराव देशमुख यांच्या १,१२,७६९ मतांतील पुढच्या पसंतींचा मोठा भाग रेड्डी यांच्याकडे गेला, तरी गिरी एकूण ४,२०,०७७ मते मिळवून विजयी झाले.

पर्यायी मतावरील गंभीर आक्षेप असा की, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला समोरासमोरच्या लढतीत हरविणारा उमेदवारही पहिल्या पसंती कमी पडल्यामुळे आधीच बाद होऊ शकतो. अमेरिकेतील बर्लिंग्टन येथील २००९ च्या महापौर निवडणुकीत अँडी माँट्रोल यांच्याबाबत नेमके हेच घडले. बॉब किस निवडून आले आणि २०१० मध्ये मतदारांनी ही पद्धत रद्द केली. मार्की द काँदोर्से यांनी १७८५ मध्ये मांडलेल्या जोडीनिहाय तुलनेत हा दोष नाही. पण तीत अ हा ब ला, ब हा क ला आणि क पुन्हा अ ला हरवितो असे चक्र निर्माण होऊ शकते. क्रमानुसार गुण देणाऱ्या बोर्दा यांच्या पद्धतीत चक्र येत नाही, मात्र प्रबळ प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला टाकण्यास मतदार प्रवृत्त होतो.