क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल : रुग्णालयात जडणारे जुलाब

रुग्ण दाखल होतो न्यूमोनियासाठी किंवा ऑपरेशनसाठी. अँटिबायोटिक सुरू असताना, किंवा कोर्स संपल्यावर काही आठवड्यांत, त्याला पाण्यासारखे जुलाब लागतात. त्यामागचे सर्वांत गंभीर कारण म्हणजे हा जिवाणू. १९३५ मध्ये तो नवजात बाळांच्या शौचात सापडला. प्रयोगशाळेत तो सहजी वाढेना, म्हणून त्याच्या नावात ‘डिफिसिल’, म्हणजे ‘अवघड’, आले. अँटिबायोटिकनंतर आतड्याला येणाऱ्या सुजेचे मूळ तोच, हे १९७८ मध्ये उघड झाले.

आतड्यातले आपले नेहमीचे जिवाणू त्याला जागा मिळू देत नाहीत. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारख्या औषधांनी ते मेले की रान मोकळे होते. मग हा वाढतो आणि त्याची विषे मोठ्या आतड्याचे अस्तर पोखरतात. पासष्टी ओलांडलेल्यांना धोका अधिक. पोट फुगून जुलाब एकाएकी थांबले, तर नातेवाईक निःश्वास टाकतात. पण ती आतडे निकामी होत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना लगेच बोलवावे.

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांत सातपुड्याच्या पाड्यांपासून तापीकाठच्या गावांपर्यंतचे रुग्ण येतात, आणि त्यांची शुश्रूषा बरीचशी नातेवाइकांच्याच हातून होते. सून सासऱ्यांचे बेडपॅन उचलते, चादर बदलते, खाटेजवळच्या बाटलीतले सॅनिटायझर हाताला चोळते आणि डबा उघडून कळण्याची भाकरी मोडते. तिची काही चूक नाही. कोरोनाकाळात सगळ्यांना हेच शिकवले गेले. पण या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची सुप्त रूपे, अल्कोहोलने मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळले तरच ते निघून जातात. उन्हाळ्यात टाकीतले पाणी जपून वापरण्याची खानदेशाला सवय आहे, तरी या एका कामात काटकसर करू नये. बीजाणू खाटेच्या कठड्यावर, नळाच्या तोटीवर महिनोन्‌महिने टिकतात. ते मारायला क्लोरीनयुक्त द्रावण लागते, ज्याला वॉर्डात ‘हायपो’ म्हणतात. रुग्णाला स्वतंत्र खोली, निदान स्वतंत्र संडास द्यावा. त्याचे काम करताना हातमोजे घालावेत.

उपचारात, शक्य असल्यास, आधीचे अँटिबायोटिक बंद करणे ही पहिली पायरी. नंतर व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम, दिवसातून ४ वेळा, १० दिवस, तेही तोंडानेच. शिरेतून दिलेले आतड्यात पोचत नाही. फिडॅक्सोमायसिन हा दुसरा पर्याय. ही औषधे नसतील तर सौम्य आजारात मेट्रोनिडाझोल चालते. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून आणून देऊ नयेत. ओआरएस मात्र पाजत राहावे.

साधारण पाचातल्या एकाला आजार उलटतो. तो वारंवार उलटला, तर निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचारही करतात. बरे झाल्यावर पुन्हा शौच तपासू नये, कारण त्रास गेल्यावरही तपासणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. डिस्चार्ज कार्ड मात्र जपून ठेवावे आणि पुढे कोणी अँटिबायोटिक लिहून देऊ लागले की आधी ते दाखवावे.