नजर स्थिर ठेवणारा कान

हातातला मोबाईल आहे तिथेच धरा आणि हे वाक्य वाचता वाचता मान 'नाही, नाही' अशी जरा जोरात हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने मोबाईल डावी-उजवीकडे हलवा. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा दिसतील. खरं तर डोळा आणि अक्षरं यांच्यातली हालचाल दोन्ही वेळा जवळपास सारखीच होती. पहिल्या वेळी मदत मिळाली ती कानाकडून.

शाळेच्या पुस्तकात डोळ्याचं पान वेगळं आणि कानाचं वेगळं. कानाच्या आकृतीत शंखाला लागून असलेल्या त्या तीन वळणदार नळ्यांना नाव दिलं की गुण मिळायचे, त्या तिथे कशासाठी आहेत हे फारसं कुणी विचारायचं नाही. ऐकण्याशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांचं मोठं गिऱ्हाईक डोळा आहे.

डोळ्याची अडचण अशी की दृष्टिपटलावरचा अगदी छोटासा मधला भागच बारीक तपशील टिपतो. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहिलं तर साधारण तेवढीच जागा आपल्याला एका वेळी लख्ख दिसते. त्यातून दृष्टिपटलाचं काम संथ. एखादी वस्तू सरकली हे पाहून डोळा तिच्यामागे वळायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. चालताना, पळताना डोकं सतत हिंदकळतं, तिथे एवढा उशीर परवडणारा नाही. कानाकडून निघालेला आदेश डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत साधारण १० मिलिसेकंदांत पोहोचतो, कारण वाटेत जेमतेम तीन चेतापेशींची साखळी आहे.

प्रत्येक कानात या नळ्या तीन, एकमेकींशी जवळपास काटकोनात. एकेकीच्या वळणाचा व्यास सहा-सात मिलिमीटर. आत द्रव असतो आणि एका टोकाच्या फुगीर भागात जेलीसारखा पडदा, त्यात सूक्ष्म केस रुतलेले. तुम्ही मान उजवीकडे वळवली की नळी लगेच वळते, द्रव मात्र जरा मागे राहतो. तो पडद्याला रेटतो, केस वाकतात, उजव्या कानाचे संदेश वाढतात आणि डाव्याचे घटतात. त्या फरकावरून दोन्ही डोळे तेवढ्याच वेगाने डावीकडे वळवले जातात. डोळे मिटलेले असले किंवा मिट्ट काळोख असला तरी हे चालूच असतं.

फुगडीत याच यंत्रणेची फजिती होते. काही सेकंद एकाच वेगाने गरगरत राहिलं की आतला द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि पडदा सरळ होतो. मग पाय थांबतात, पण द्रव पुढे वाहत राहतो आणि पडदा उलट बाजूला वाकतो. त्या क्षणी समोरचीचे डोळे निरखून पाहा: बुबुळं एका बाजूला हळूहळू सरकतात आणि झटक्यात परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा झटका.

डोळ्यांच्या याच झटक्यांवरून व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कानाची परीक्षा शोधली. रुग्णांचे कान पिचकारीने धुताना त्यांना चक्कर येई. एकाने तक्रार केली की पाणी पुरेसं कोमट नसलं तरच गरगरतं. पुढे दुसऱ्या एका रुग्णाच्या कानात जास्तच गरम पाणी गेलं, तेव्हा डोळ्यांचे झटके उलट दिशेने होताना बारानींना दिसले. तापलेला द्रव वर चढतो आणि गार झालेला खाली बसतो, हे त्यांचं स्पष्टीकरण. या कामासाठी त्यांना १९१४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. ती बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते! गंमत म्हणजे १९८३ मध्ये स्पेसलॅब या अंतराळ मोहिमेत, जिथे वजनच जाणवत नसल्याने गरम-गार द्रव वर-खाली होऊच शकत नाही तिथेही, हे झटके दिसले. म्हणजे बारानींचं स्पष्टीकरण पुरेसं नव्हतं. चाचणी मात्र आजही वापरतात.

ही यंत्रणा दोन्ही कानांत बंद पडली तर काय होतं? स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविक औषधामुळे अशी वेळ आलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने १९५२ मध्ये स्वतःचा अनुभव लिहून ठेवला. नाडीच्या ठोक्यांनी डोकं जेवढं हलतं तेवढ्यानेही त्याला पुस्तकातली अक्षरं नाचताना दिसत. वाचण्यासाठी तो पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं अडकवून बसे. रस्त्याने चालताना पाट्या वाचता येत नसत, थांबावं लागे.

नवा चष्मा लागला की एक-दोन दिवस जमीन वर-खाली वाटते, त्याचंही मूळ इथेच आहे. भिंगामुळे दृश्य थोडं लहान-मोठं होतं, म्हणून डोळा किती वळवायचा याचं जुनं गणित चुकतं. लहान मेंदू ते नव्याने बसवून देतो. तेव्हा पहिल्याच दिवशी चष्मेवाल्याशी भांडायला जाऊ नये.

अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणारी चक्कर घेऊन कुणी आलं, तर जाणकार डॉक्टर त्याला आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, नाकाकडे बघायला सांगतात आणि त्याचं डोकं अलगद धरून एकदम थोडंसं वळवतात. नजर नाकावरून घसरून मग झटक्याने परत आली, तर बिघाड बहुधा कानात किंवा त्याच्या चेतातंतूत आहे. चक्कर जोरात चालू असूनही नजर नाकावर पक्की राहिली, तर कान शाबूत आहे असा अर्थ होतो. मग डॉक्टरांना मेंदूच्या मागच्या भागातल्या पक्षाघाताची शंका येते आणि रुग्णाची रवानगी तातडीने तपासणीसाठी होते.