बीडीडी चाळी : खोली कुणाची, हा जुना प्रश्न

वरळीत एकेक चाळ पडते आहे, तसा एक जुना घोळ पुन्हा कानावर येतो. बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) आणि बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) यांच्या चाळी. दोन्ही सरकारी, दोन्ही कामगारवस्तीतल्या, म्हणून सर्रास एकच समजल्या जातात. बीआयटी आधीची : १८९६च्या प्लेगनंतर शहरसुधारणेसाठी १८९८मध्ये नेमलेल्या ट्रस्टची. बाबासाहेब परळला राहत ती चाळ यातलीच. बीडीडी १९२०मध्ये निघालेल्या विकास खात्याची. कापसाच्या गाठीमागे रुपया कर लावून पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या. गाडी साडेसोळा हजारांवर थांबली. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीत १२, अशा २०७ चाळी. वरळीच्या खोल्या तर सुरुवातीला कितीतरी वर्षं रिकाम्या पडल्या होत्या. गिरणीपासून लांब, त्यात भाडं परवडेना. १९३०च्या सत्याग्रहात सरकारने तिथे तात्पुरता तुरुंग केला.

तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, मधून व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना दारं. खोली १६० चौरस फुटांची. त्यातच मोरी, पोटमाळा, पाण्याचं पिंप. संडास मजल्याचा सामाईक. व्हरांड्यात दिवसाही उजेड बेताचाच, पण रात्री अंथरुणं पडत ती तिथेच. कॅरम तिथे, साखरपुड्याची पंगत तिथे, मयताच्या घरी आलेली माणसं टेकत तीही तिथेच. पाडकामाच्या कुठल्याही कागदात व्हरांड्याचं माप कुणाच्या नावावर नाही.

डिलाईल रोडला चंदगड-आजऱ्याकडच्या गावांच्या खोल्या होत्या. खोली गावाची, भिंतीशी ट्रंका, पाळीप्रमाणे झोपणारे गडी, जेवण खानावळीत. १९८२च्या संपात त्यातले बरेच गावी गेले ते गेलेच.

पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७मध्ये झालं. बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, तेही फुकट. वाद पेटला तो मात्र पोलिसांच्या खोल्यांवरून. काही खोल्या पूर्वीपासून पोलिसांना सेवानिवासस्थान म्हणून दिलेल्या होत्या. नियमाने नोकरी संपली की खोली सोडायची. पण निवृत्त हवालदार तिथेच राहिले, त्यांच्या विधवा राहिल्या, मुलांची लग्नंही त्याच खोलीत लागली. शेजारच्या खोलीतला गिरणीकामगार ‘भाडेकरू’, म्हणून त्याला घर. यांचा शब्द ‘वास्तव्य’, म्हणून यांना नोटीस. राज्यभर पोलीस निवृत्तीनंतर क्वार्टर सोडतात, मग इथेच सवलत का, हा आक्षेप अगदीच फोल नव्हता. पण वसाहत उठवायचं ठरेपर्यंत तो कुणी फारसा लावून धरला नव्हता, हेही खरं.

२०२२मध्ये तोडगा निघाला : बांधकाम खर्च घेऊन मालकीचं घर. आकडा सांगितला पन्नास लाख. हवालदाराच्या पेन्शनीवर पन्नास लाख! ओरड झाली, पंचवीसवर आले. मग सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये पंधरा लाख ठरले. बांधकामाचा खर्च तीन-चार महिन्यांत इतका कसा उतरला, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पंधरा तरी पंधरा, म्हणून लोक बँकेच्या रांगेत लागले. समोरच्या दारातल्याला मात्र तेच घर फुकट, ही सल राहिलीच. एका व्हरांड्यात पिढ्या काढलेल्या माणसांना कोण भाडेकरू आणि कोण सरकारी, हा फरक असा पहिल्यांदाच रुपयांत कळला.

त्याच वर्षी वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड या तिन्ही वसाहतींना तीन राजकीय नेत्यांची नावं जाहीर झाली. पत्ता सांगताना अजून बीडीडीच म्हणतात.

१४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. इमारत चाळीस मजली, उजेड भरपूर, संडास घरात. शिवडीच्या बारा चाळींखालची जमीन बंदराची, त्यामुळे या तिन्ही वसाहतींच्या आराखड्यात त्या नव्हत्याच.