तंबाखू व सिगार संग्रहालय

तंबाखूचे पीक, तिच्यापासून होणारा माल आणि ती ओढण्या-हुंगण्याभोवती रुजलेली रीतभात यांचा संग्रह करणारे संग्रहालय. क्यूबातील हवाना, जपानमधील टोकियो, जर्मनीतील ब्युंडे, ग्रीसमधील कावाला, फ्रान्समधील बेर्जराक येथे अशी संग्रहालये आहेत. धूर कपाटात मांडता येत नाही, त्यामुळे मांडणी असते ती अवजारांची आणि कागदाची: चिलमी, तपकिरीच्या डब्या, पाने दाबायचे साचे, शिळाछापाचे दगड, खोक्यांवरची रंगीत लेबले.

सुरुवात बहुधा १४९२ पासून होते. त्या वर्षी कोलंबसच्या माणसांनी क्यूबातील ताइनो लोकांना तंबाखूचा धूर ओढताना पाहिले. पुढे फ्रान्सचा पोर्तुगालमधील वकील झाँ निको याने ही वनस्पती फ्रेंच दरबारात पोचवली. ‘निकोटीन’ हे नाव त्याच्याच आडनावावरून पडले.

खरा वेळ द्यावा तो सिगार वळण्याच्या दालनाला. तिथे एक लाकडी फळी असते आणि तिच्यावर चंद्रकोरीच्या आकाराचे, मूठ नसलेले पाते. स्पॅनिशमध्ये त्याला ‘चावेता’ म्हणतात. आत भरणाची पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वर मधली शीर काढलेले नितळ वेष्टनपान, असे सिगारचे तीन भाग असतात. भरण फार घट्ट झाले तर सिगार ओढली जात नाही, सैल राहिले तर भराभर जळून जाते. हा अंदाज यंत्राला नव्हे, बोटांना असतो.

या कामाच्या कंटाळ्यातून एक विलक्षण प्रथा निघाली. १८६५ मध्ये हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात एक जण उंच आसनावर बसून कामगारांना वर्तमानपत्रे नि पुस्तके वाचून दाखवू लागला. या वाचकाला ‘लेक्तोर’ म्हणत, आणि त्याचा पगार मालक नव्हे, कामगार वर्गणी काढून देत. मजकूर आवडला की सगळे चावेता फळीवर आपटून दाद देत. अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरून ‘मोंतेक्रिस्तो’ ही छाप आली ती याच वाचनाच्या नादातून, असे सांगतात. वसाहतीच्या सरकारला हे ऐकणे धोक्याचे वाटले आणि १८६६ मध्ये वाचनावर बंदी आली; पण प्रथा टिकली आणि स्थलांतरितांबरोबर फ्लोरिडातही गेली. टँपाच्या कारखान्यांतून मात्र मालकांनी १९३१ मध्ये वाचकांना हटवले आणि त्यांच्या जागी रेडिओ आणले.

टोकियोचे संग्रहालय तंबाखू आणि मीठ या दोहोंचे आहे. जोडी विचित्र वाटते, पण कारण साधे आहे: विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही मालांची मक्तेदारी जपानी सरकारकडे आली, आणि संग्रहालय काढले ते ती चालवणाऱ्या महामंडळानेच. १९७८ मध्ये शिबुया भागात उघडलेले हे संग्रहालय २०१५ मध्ये सुमिदा भागात हलले. ‘किसेरु’ ही बारीक तोंडाची लांब जपानी चिलीम इथे पाहावी.

ब्युंडेचा इतिहास कारखान्याइतकाच घराघरांतला आहे. तिथे कुटुंबेच्या कुटुंबे, लहान मुलांसह, राहत्या खोलीत सिगार वळत. मळ्यांतील गुलामांचे श्रमही या धंद्याच्या मुळाशी आहेत. चकचकीत लेबलांच्या भिंतीसमोर ते सहज विसरायला होते.

या संग्रहालयांना पैसा कोण पुरवतो, हा प्रश्न अलीकडे टोचू लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ मधील तंबाखू नियंत्रण कराराचे १३ वे कलम जाहिरात आणि प्रायोजकत्व यांच्यावर बंदी मागते. इतिहास कुठे संपतो आणि विक्री कुठे सुरू होते, हे ठरवणे अवघड जाते: हवानाचे संग्रहालय मेर्कादेरेस रस्त्यावरच्या एका जुन्या घराच्या माडीवर आहे, आणि खाली सिगारचे दुकान.