मॉडेल रेल्वे : वीज आणि रुळांतील दोषशोध

मॉडेल रेल्वेत गाडी ज्या रुळांवरून धावते तेच तिच्या विजेच्या तारा असतात. दोन-रुळी पद्धतीत वीज एका रुळातून चाकांवाटे इंजिनाच्या मोटरीत जाते आणि दुसऱ्या रुळाने परतते. साध्या डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाच्या) मांडणीत दाब जेमतेम १२ व्होल्टपर्यंत असतो, त्यामुळे रुळावरचा काळा थरही गाडी थांबवायला पुरतो.

गाडी अडखळली की हौशी माणूस आधी इंजिन उघडून बसतो. ती घाई बहुधा वाया जाते. त्याच जागी दुसरे इंजिन चालवून पाहावे. दोन्ही तिथेच अडली तर दोष रुळात. एकच इंजिन सगळीकडे अडत असेल तर त्याची चाके आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या तपासाव्यात. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. सँडपेपरने तात्पुरती चकाकी येते, पण ओरखड्यांत मळ लवकर धरतो.

सर्वांत फसवा दोष म्हणजे सैल जोड. मल्टिमीटर लावला तर तिथे पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर नगण्य प्रवाह ओढतो. इंजिन येताच दाब कोसळतो. म्हणून मोजताना रुळांना १२ व्होल्टचा दिवा जोडून भार द्यावा. कायमचा उपाय म्हणजे जोडपट्ट्यांवर विसंबून न राहता मांडणीखालून जाड तारा नेणे आणि रुळाच्या शक्यतो प्रत्येक तुकड्याला त्यांतून स्वतंत्र तार सोल्डर करणे.

शॉर्ट सर्किटमध्ये आधी सगळी गाडी उचलावी, रुळांवर राहिलेला स्क्रू-ड्रायव्हर शोधावा. तरी शॉर्ट राहिला तर मांडणीचा अर्धा-अर्धा भाग विजेपासून वेगळा करून तपासावा. वळसा घेऊन मार्ग स्वतःलाच मिळतो तिथे डावा रूळ उजव्याला भिडतो. त्या भागाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना फट ठेवून विजेपासून तोडावे लागतात आणि त्याची ध्रुवता (कोणता रूळ धन, कोणता ऋण) बदलण्याची सोय करावी लागते. शॉर्ट फक्त सांध्यावर (मार्गाला फाटा फुटतो तिथे) होत असेल तर तिथल्या फ्रॉगजवळ, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात त्या जागी, विरुद्ध ध्रुवांचे रूळ जवळ येतात, हे लक्षात घ्यावे. चाकजोडीतील अंतर चुकीचे असेल तर चाक दोन्हींना शिवते. एचओ या प्रचलित मॉडेल मापात रुळांतील अंतर १६.५ मिमी, तर चाकांच्या आतल्या बाजूंतील सुमारे १४.४ मिमी असते. हेच अंतर बिघडले की गाडी सांध्यावर घसरतेही.

डिजिटल (डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना आदेश पाठवणाऱ्या) मांडणीत रुळांवर नाणे आडवे टाकून पाहतात. वीजपुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. सगळ्यात लांबच्या टोकाला तसे झाले नाही, तर तिथवरच्या तारा बारीक आहेत किंवा जोड कच्चे आहेत. अशा वेळी गाडी घसरून शॉर्ट झाला तरी प्रवाह वाहतच राहतो आणि चाकांभोवतीची प्लास्टिकची चौकट वितळू शकते.