रजोनिवृत्ती

अंडाशयांतील बीजांचा साठा संपत आल्याने मासिक पाळी कायमची थांबणे, याला रजोनिवृत्ती म्हणतात. ऋतुनिवृत्ती हाही शब्द वापरतात. बोलताना मात्र बायका ‘पाळी गेली’ एवढेच म्हणतात. ‘मेनोपॉज’ हा शब्द फ्रेंच डॉक्टर शार्ल द गार्दान यांनी १८२१ मध्ये आपल्या ग्रंथात वापरला आणि पुढे तो जगभर रुळला. सलग बारा महिने पाळी आली नाही आणि गर्भधारणा, स्तनपान, औषध किंवा आजार असे दुसरे कारण नसले, की शेवटच्या पाळीचा दिवस हाच रजोनिवृत्तीचा दिवस धरतात. बहुतेक जणींच्या बाबतीत तो वयाच्या ४५ ते ५५ या वर्षांत येतो. आलेली पाळी शेवटची होती हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही. ते वर्षभराने कळते.

ही व्याख्या सोयीची आहे, पण तिने एक घोळ करून ठेवला आहे. त्रास पाळी गेल्यावर सुरू होतो, असा समज तिच्यामुळे पक्का झाला. प्रत्यक्षात झोप मोडणे, चिडचिड, अंगातून वाफा येणे हे पाळी चालू असतानाच, कित्येकदा काही वर्षे आधीच सुरू होते. ‘अजून पाळी येते, मग हे कसलं?’ म्हणून बाई स्वतःलाच दोष देत राहते आणि घरातले तिच्या स्वभावाला. पाळी थांबणे ही बाहेरून दिसणारी खूण आहे. खरी घडामोड अंडाशयात चाललेली असते.

अंडाशयात काय घडते

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजपुटके, म्हणजे ज्यांत एकेक बीज वाढते अशा चिमुकल्या पिशव्या, असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात जेमतेम चार-पाचशे पक्व होऊन त्यांतले बीज बाहेर पडते, बाकीची आपोआप विरून जातात. साठा हजाराच्या आसपास आला की महिन्याचे चक्र चालवणे अंडाशयांना जमेनासे होते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी सरासरी एक-दोन वर्षे लवकर जाते.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढत्या बीजपुटकांतच तयार होते. पुटके कमी झाली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडून अंडाशयाला जणू हाका मारू लागते. त्यामुळे इस्ट्रोजेन एका चालीने उतरत नाही. एखाद्या महिन्यात ते तरुणपणापेक्षाही वर चढते, पुढच्या महिन्यात कोसळते. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात अस्तराची वाढ आवरणारे प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि उशिरा आलेली पाळी अंगावरून फार जाते.

कॅलेंडरवर पाळीच्या तारखांना गोल करण्याची सवय असेल तर हा चढउतार डोळ्यांनी दिसतो. नेहमीचे २८ दिवसांचे अंतर कधी २३ होते, कधी ३७, मग एकदम ७०. लागोपाठच्या दोन चक्रांत सात किंवा अधिक दिवसांचा फरक पुन्हा पुन्हा पडू लागला की रजोनिवृत्तीपूर्व संक्रमण सुरू झाले असे मानतात. ६० दिवसांचा खंड पडला की शेवटची पाळी साधारण एक ते तीन वर्षांवर आलेली असते. म्हणून पंचेचाळिशीनंतर निदानासाठी रक्ततपासणी सहसा लागत नाही. आज मोजलेले एफएसएच महिन्याभराने वेगळे येऊ शकते. त्या कागदापेक्षा कॅलेंडर जास्त सांगते. याच काळात अधूनमधून बीज बाहेर पडतही असते, त्यामुळे दिवस जाऊ शकतात. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर पुढे दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर गेली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवावे, असा सल्ला दिला जातो.

प्राणिसृष्टीत रजोनिवृत्ती फार दुर्मीळ आहे. प्रजननक्षमता संपल्यावरही माद्या अनेक वर्षे जगतात असे ऑर्का, पायलट व्हेल अशा काही दंतधारी देवमाशांत आढळते. वयस्क ऑर्का माद्या मासे कमी असलेल्या वर्षी कळपाच्या पुढे राहून वाट दाखवतात, असे निरीक्षण आहे.

गरम वाफा

रात्री अडीच-तीनला जाग येते. छातीतून काहीतरी गरम वर सरकते. मान, गाल, कानशिले तापतात, काळीज धडधडते. पांघरूण बाजूला फेकले जाते, पाठीखालची चादर ओली झालेली असते. एक ते पाच मिनिटांत सारे ओसरते, घाम वाळू लागतो, अंगावर काटा येतो आणि फेकलेले पांघरूण पुन्हा ओढून घ्यावे लागते. रात्रीतून असे तीन-चारदा झाले तर सकाळी उठणारी बाई थकलेली असणारच.

हा ताप नव्हे. मेंदूतील अधश्चेतक हा भाग शरीराचे तापमान सांभाळतो. तिथल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो; तो सुटला की त्या अतिसक्रिय होतात आणि ‘ठीक आहे’ असे वाटण्याचा तापमानाचा पट्टा अरुंद होतो. मग अंश-दोन अंशांचाही नव्हे, अगदी किंचित फरक पडला तरी शरीर उकडत असल्यासारखे वागते: त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रियांना हा अनुभव येतो. ‘वर्ष-दोन वर्षांत जाईल’ हे आश्वासन मात्र खोटे ठरले आहे. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा त्रास सात वर्षांहून जास्त काळ झाला, आणि पाळी नियमित असतानाच ज्यांना तो सुरू झाला त्यांना सर्वांत जास्त वर्षे.

खोली गार ठेवणे, अंगावर एकावर एक असे पातळ कपडे घालणे, मद्य टाळणे याने थोडा आराम पडतो. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने वाफा कमी होतात. बोधात्मक वर्तन उपचाराने (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने) वाफांमुळे होणारा त्रास आणि झोपेची मोडतोड कमी होते, हे तपासून सिद्ध झालेले आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. त्यांवर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण काही चालू औषधांशी त्यांचा संघर्ष होतो.

या वर्षांत नैराश्याचा धोका वाढतो, विशेषतः पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलेल्या स्त्रियांत. शब्द ओठांवर येऊन अडतो, खोलीत आलो कशासाठी हे आठवत नाही. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नव्हे, ही भीती अनेक जणी मनात दाबून ठेवतात. बहुतेकींच्या बाबतीत तसे नसते आणि संक्रमण ओसरल्यावर हे धुके विरळ होते.

आपोआप न जाणारा त्रास

वाफा कालांतराने शमतात. योनीचा कोरडेपणा शमत नाही, उलट वाढत जातो. इस्ट्रोजेन नसल्याने योनी आणि मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते; संबंधाच्या वेळी दुखते, लघवीला जळजळ होते, घाईची लागते, मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. बाई सांगायला लाजते, डॉक्टर विचारत नाहीत आणि वर्षे निघून जातात. खरे तर यावरचा उपचार सर्वांत सोपा आहे. वंगण आणि ओलावा टिकवणारी मलमे आहेत. योनीत वापरण्याची कमी मात्रेची इस्ट्रोजेन मलमे व गोळ्या आहेत, त्यांतले औषध रक्तात फारच थोडे उतरते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांशी बोलावे लागते.

हाडांचे नुकसान मात्र काहीच जाणवू न देता होते. शेवटच्या पाळीच्या आधीचे एक वर्ष आणि नंतरची दोन-तीन वर्षे हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. याच सुमारास रक्तातील वाईट कोलेस्टेरॉलही वाढते. वजन पेलणारे व्यायाम (चालणे, जिने चढणे, वजने उचलणे), दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पुरेसे ड जीवनसत्त्व यांची गरज इथे असते.

संप्रेरक उपचार

वाफांवर इस्ट्रोजेनइतके परिणामकारक दुसरे औषध नाही. तरी त्याच्याभोवती जी भीती आहे, तिला इतिहास आहे. १९७० च्या दशकात असे लक्षात आले, की नुसते इस्ट्रोजेन दिल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध, देतात. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतील दोन्ही संप्रेरकांचा भाग मुदतीआधी थांबवण्यात आला. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त आढळले होते. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या होत्या, तर नितंबाच्या हाडाचे अस्थिभंग कमी झाले होते. बातमीने जगभर लाखो स्त्रियांनी औषध सोडले. चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही बाब तेवढ्या ठळकपणे पोहोचली नाही. ज्या वयात वाफा छळतात त्या पन्नाशीच्या स्त्रीला तो हिशेब जसाच्या तसा लागू पडत नव्हता.

आजची भूमिका अशी, की वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, त्रास खरोखर होत असेल आणि मनाई करणारे कारण नसेल, तर फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग, पूर्वीचा पक्षाघात किंवा रक्ताची गुठळी, यकृताचा सक्रिय आजार, कारण न कळलेला रक्तस्राव ही मनाईची कारणे. त्वचेवर लावायच्या पट्टीत किंवा जेलमध्ये गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. संप्रेरके चालत नसतील तर नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत किंवा गॅबापेंटिन हे मुळात फिट्सवरचे औषध देतात. वाफा पेटवणाऱ्या चेतापेशींवरच काम करणारे फेझोलिनेटंट २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते घेताना यकृताची तपासणी करावी लागते.

लवकर आलेली आणि शस्त्रक्रियेने आलेली

चाळिशीच्या आत अंडाशयांचे काम थांबले तर तिथे वाट पाहणे चुकीचे. हाडे आणि हृदय यांना इस्ट्रोजेनविना फार वर्षे काढावी लागतात, म्हणून मनाईचे कारण नसल्यास नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, संप्रेरके देतात. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशये काढली की रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि लक्षणे तीव्र असतात. फक्त पिशवी काढली असेल तर पाळी थांबते, पण अंडाशये काम करत राहतात. मग काही वर्षांनी वाफा सुरू झाल्या की कॅलेंडर मदतीला नसते. ‘पिशवी काढली’ एवढेच सांगून भागत नाही. अंडाशये ठेवली की काढली हे प्रत्येकीने कागदावर लिहून घ्यावे.

रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे वर्षभर पाळी बंद राहिल्यावर, पुन्हा रक्त दिसले तर ती पाळी परत आलेली नसते. एकदाच डाग लागला तरी तपासणी करून घ्यावी. योनीतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ती चार मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा रक्त पुन्हा गेले तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. बहुतेकदा कारण साधे निघते: पातळ पडलेले अस्तर किंवा छोटी गाठ. दहांतल्या सुमारे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि तिच्या बाबतीत तो डाग बहुधा रोग गर्भाशयाबाहेर पसरण्याआधीच दिसलेला असतो.