विशिष्ट शोषण दर : मस्तकातील मापन

मोबाइलसारख्या बिनतारी साधनाची रेडिओ ऊर्जा डोक्यातील ऊतके किती वेगाने शोषतात हे सांगणारी राशी. एकक वॉट प्रति किलोग्रॅम. ऊतकाची विद्युत संवाहकता आणि विद्युत क्षेत्राचा वर्ग यांच्या गुणाकाराला घनतेने भागून ती काढतात. संज्ञा १९८० च्या आसपास स्थिरावली असावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रारण संरक्षण परिषदेच्या १९८१ च्या अहवालात तिची रीतसर व्याख्या आढळते.

जिवंत डोक्यात विद्युत क्षेत्र मोजणारी शलाका (प्रोब) घालता येत नाही, म्हणून डोक्याची प्रमाणित प्रतिकृती वापरतात. आडव्या डोक्याच्या आकाराचे, वरून उघडे, सुमारे २ मिमी. जाडीचे हे कवच १५ सेंमी. खोल द्रवाने भरतात. द्रव पाणी, साखर, मीठ, ग्लायकॉलवर्गीय रसायने यांपासून बनतो. त्याची सापेक्ष परावैद्युतता (विद्युत क्षेत्राला पदार्थ निर्वाताच्या तुलनेत किती प्रतिसाद देतो याचे माप) ९०० मेगॅहर्ट्‌झला ४१.५ व संवाहकता ०.९७ सीमेन्स प्रति मीटर असावी लागते. १,८०० ला हेच आकडे ४० व १.४० होतात. महत्तम शक्तीवर चालणारा फोन कवचाखाली, गालाला टेकवून आणि १५ अंश कलता, डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंना लावतात. यंत्रहस्ताची शलाका आधी विरळ, मग शिखराभोवती दाट मोजणी करते. ती कवचाला अगदी चिकटू शकत नाही. त्यामुळे पृष्ठभागालगतचे, म्हणजे नेमके सर्वांत मोठे, मूल्य गणिताने काढलेले असते.

वाद प्रतिकृतीच्या आकाराबद्दल आहे. तो अमेरिकी सैनिकांच्या १९८८ च्या सुमारास घेतलेल्या मापांतील मोठ्या, ९० व्या शतमकाच्या (शंभरांपैकी सुमारे नव्वदांहून मोठ्या) पुरुषी डोक्यावर बेतला आहे. यूटा विद्यापीठातील ओम गांधी व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लहान मुलांच्या डोक्यात शोषण जास्त होते असे गणिताने दाखवले. झुरिकमधील नील्स कुस्टर यांच्या गटाला १९९८ मध्ये तसा लक्षणीय फरक आढळला नाही. एकूण शिखरमूल्य आणि कवटीतील मज्जेसारख्या विशिष्ट ऊतकातील मूल्य वेगळे धरणारी नंतरची मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

मर्यादांचे आकडे थेट तुलनेत ठेवू नयेत. युरोपची २ वॉट प्रति किलोग्रॅम ही मर्यादा १० ग्रॅम ऊतकाच्या, म्हणजे सुमारे २.१५ सेंमी. बाजूच्या घनाच्या सरासरीवर आहे, अमेरिकेची १.६ ही १ ग्रॅमच्या. शोषण खोलीनुसार झपाट्याने घटते, त्यामुळे मोठ्या घनाची सरासरी आपोआप खाली येते आणि १.६ ची मर्यादा दिसते त्याहून कडक ठरते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून हीच स्वीकारली. इथल्या फोनवर स्टार-हॅश-०७-हॅश दाबल्यास मूल्य दिसते. ते त्या मॉडेलचे कमाल चाचणीमूल्य, वापरणाऱ्याच्या डोक्यातील नव्हे.

पुण्यात सोसायटीच्या गच्चीवरील मनोऱ्यांसाठी लागू होणारी राशी वेगळी, शक्तिघनता, म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारी शक्ती. ९०० मेगॅहर्ट्‌झला मर्यादा ०.४५ वॉट प्रति चौ. मी. वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या विद्युतचुंबकीय चाचण्या वाहनांच्या आहेत, डोक्यातील शोषणाच्या नव्हेत. जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीला मोबाइल लहरी गोंगाट म्हणून छळतात. तिच्या सुधारित ग्रहणपट्ट्यांत ८५० ते १,०५० मेगॅहर्ट्‌झ हा भाग वगळलेला आहे, आणि ९०० चा मोबाइल पट्टा त्यातच येतो.